नकाशातील न्याय

हवा, पाणी, भूमी आणि रहिवाशांचे आरोग्य यांविषयीची आकडेवारी एकत्र करून एखाद्या वस्तीला प्रदूषणाचे गुण देणे व ते नकाशावर दाखविणे, यास पर्यावरणीय मानचित्रण म्हणतात. या गुणांवर निधी, निर्बंध आणि उपाययोजना अवलंबून असतात. म्हणून गुण कसे ठरतात, हा केवळ गणिताचा नव्हे, तर न्यायाचाही प्रश्न आहे.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने 2013 मध्ये ‘कॅलएन्व्हायरोस्क्रीन’ हे साधन प्रसिद्ध केले. त्यात सर्वाधिक गुणांचे 25 टक्के विभाग ‘वंचित’ ठरतात व हवामान निधीतील राखीव वाट्यास पात्र होतात. दम्याचे प्रमाण रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागांतील नोंदींवरून काढले जाते. खर्चाच्या वा कागदपत्रांच्या भीतीने तेथे न जाणाऱ्या स्थलांतरिताचा दमा मात्र मोजलाच जात नाही. गणनेची रीत बदलल्यास सुमारे 16 टक्के विभागांचा दर्जा पालटू शकतो, असे 2024 मधील एका संशोधनात आढळले.

आपल्या देशात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये 88 औद्योगिक क्षेत्रांना गुण दिले. त्यांपैकी 43 क्षेत्रे अतिप्रदूषित ठरली. डोंबिवली 78.41 गुणांसह त्यांत होती, भिवंडी नव्हती. यावरून भिवंडीची हवा निर्मळ होती, असा निष्कर्ष निघत नाही. सीमा आखलेली औद्योगिक वसाहत मोजणे सोपे असते. भिवंडीचे यंत्रमाग गल्लीबोळांत विखुरलेले आहेत. पूर्णा परिसरात धुराड्यांपेक्षा गोदामे अधिक. येथील धूर मालमोटारींबरोबर येतो. शिवाय पूर्णा महापालिकेच्या हद्दीबाहेर असल्याने केवळ शहरापुरत्या मोजणीत ते येतच नाही. 2016 च्या सुधारित पद्धतीत आरोग्याचे गुण परिसरातील प्रमुख रुग्णालयांच्या नोंदींवरून ठरतात. गल्लीतील दवाखान्यातून औषध घेऊन पाळीवर परतणारा मागकामगार याही हिशेबातून सुटतो.

म्हणून विद्यार्थ्यांनी कोणताही नकाशा वाचताना तीन प्रश्न विचारावेत : काय मोजले? कोठे मोजले? कोणाला विचारले? आपल्या रस्त्यावरून दर तासाला किती अवजड वाहने जातात, याची महिनाभर नोंद ठेवणे आपल्यालाही शक्य आहे. अशी वही ग्रामसभेपुढे ठेवल्यास, नकाशात न दिसणाऱ्या वस्तीला आपले म्हणणे पुराव्यानिशी मांडता येईल.