जिम प्रशिक्षकाचा खर्च आणि प्राप्तिकर

प्रश्न : मी तळीयेचा. महाडमध्ये स्वतंत्र जिम ट्रेनर आहे आणि पहाटे पोलीस भरतीच्या मुलांचा सराव घेतो. वर्षाला साधारण ४ लाख ८० हजार रुपये मिळतात. कोणते खर्च वजा होतात?
– एक वाचक

उत्तर : आधी दिलासा. २०२५-२६ या आर्थिक वर्षात नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. तरीही हिशेब ठेवा आणि विवरणपत्र भरा. उद्या स्वतःच्या जिमसाठी कर्ज मागाल तेव्हा बँक तेच पाहील.

निव्वळ व्यवसायासाठी केलेला खर्च वजा होतो : जागेचे भाडे, जाहिरात, प्रमाणपत्र टिकवण्याचे शुल्क. तळीये-महाड फेऱ्यांसाठी मोटारसायकल वापरता, पण घरच्या कामालाही तीच असणार; म्हणून पेट्रोलचा धंद्यापुरताच भाग धरा आणि फेऱ्यांची वही ठेवा. स्वतःची प्रोटीन पावडर, रोजचे कपडे मात्र धरता येत नाहीत.

वजनांचा संच, ट्रेडमिल यांची पूर्ण किंमत एकदम वजा होत नाही. त्यांवर १५ टक्के घसारा मिळतो. ६० हजारांच्या यंत्रावर पहिल्या वर्षी ९ हजार. त्या वर्षात वापर १८० दिवसांहून कमी झाला तर साडेचार हजार. एका दिवसात एका विक्रेत्याला १० हजारांहून अधिक रोख दिलीत, तर त्या रकमेवर घसाराही मिळत नाही. पैसे यूपीआयने द्या, पक्के बिल घ्या.

कोणी सांगेल, कलम ४४एडीएखाली निम्मे उत्पन्नच नफा दाखवा. त्या कलमाला लागू असलेल्या व्यवसायांच्या यादीत फिटनेस प्रशिक्षक नाहीत, तो मार्ग धरू नका.