मध्यमवर्ग नेमका कोण? सातारा-सांगलीच्या दुकानदाराने सरकारी आकडे कसे वाचावेत

मध्यमवर्ग, उर्दूत ज्याला मुतवस्सित तबका म्हणतात, हा शब्द आपण गल्ल्यावर बसून रोज वापरतो. ‘मध्यमवर्गीयाला परवडेल असा माल द्या’ असे घाऊक व्यापाऱ्याला सांगतो आणि त्या हिशेबाने तागे उचलतो. सरकार आणि संशोधन संस्थाही हाच शब्द वापरतात व त्यावरून योजना, कर्जे, रस्ते ठरवतात. परंतु त्यांचा मध्यमवर्ग आणि आपला मध्यमवर्ग एकच आहे का, हे व्यापारी बांधवांनी एकदा नीट पाहिले पाहिजे.

मध्यमवर्ग मोजण्याच्या मुख्यतः दोन रीती आहेत. पहिली उत्पन्नाची. ‘प्राइस’ या दिल्लीच्या संस्थेने २०२०-२१ च्या भावाने वर्षाला ५ ते ३० लाख रुपये मिळवणारे कुटुंब मध्यमवर्गीय मानले. त्यांच्या हिशेबात देशातील सुमारे ३१ टक्के लोक या वर्गात येतात. दुसरी रीत खर्चाची. केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या कुटुंब खर्च पाहणीत महाराष्ट्राच्या शहरी भागात माणशी दरमहा खर्च ६,६५७ रुपये आणि ग्रामीण भागात ४,०१० रुपये निघाला. आता आपणच गुणाकार करू. चार माणसांच्या शहरी घराचा खर्च महिन्याला २६,६२८ रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे ३ लाख २० हजार. खर्च आणि उत्पन्न एक नव्हे, काही रक्कम शिल्लकही पडते. तरी ५ लाखांचा उंबरठा किती उंच आहे हे यावरून कळते. शिवाय या सरासरीत मुंबई आणि पुणेही धरलेले आहेत. साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीच्या मारुती रोडवर जो आपला नेहमीचा गिऱ्हाईक आहे, तो बहुधा या उंबरठ्याच्या अलीकडेच उभा आहे.

दुसरी अडचण पगाराची आहे. नोकरदाराचे उत्पन्न कागदावर असते. शिंपी, रंगारी, गॅरेजवाला, फळविक्रेता यांचे नसते. सच्चर समितीने २००६ च्या अहवालात नोंदवले की मुस्लिम कामगारांत ६१ टक्के स्वयंरोजगारावर आहेत, हिंदू कामगारांत हे प्रमाण ५५ टक्के. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांचे उत्पन्न पाहणी करणाऱ्यापुढे अंदाजाने सांगितले जाते, आणि कराच्या भीतीने ते कमीच सांगितले जाते. मग आकडा कमी आला, बँकेने पत नाकारली, की तक्रार आपलीच.

आता शहरांचा प्रश्न. महाराष्ट्रात अशा अभ्यासाची परंपरा जुनी आहे. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची घरोघर पाहणी करविली, तिचा पहिला भाग १९४५ साली निघाला. त्याआधी १९४० मध्ये त्यांच्याच संस्थेने आपल्या वाई तालुक्यातील शेतीच्या हिशेबाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. शहर पाहिले ते पुण्याचे आणि तालुका पाहिला तो शेतीचा. कऱ्हाड, विटा, तासगाव, इस्लामपूर (आता ईश्वरपूर) अशी मधली गावे, जिथे बाजारपेठ आहे पण कारखानदारी थोडी, ती या दोहोंच्या मध्ये राहतात. पुढे १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर समिती नेमली गेली, तिने विकासाचा अनुशेष मोजला. २०११ मध्ये डॉ. विजय केळकर समिती आली, तिचा अहवाल २०१३ चा. दोन्ही समित्यांत मोठा वाद विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असा झाला. आपले दोन्ही जिल्हे ‘उर्वरित’मध्ये, पुण्याच्या शेजारी. त्यामुळे ते आपोआप सुखवस्तू ठरतात. माण, खटाव, जत, आटपाडी येथे पिढ्यान्‌पिढ्या टँकरची वाट पाहिली गेली, ते सरासरीत बुडून जाते. टेंभू-म्हैसाळचे पाणी पोहोचले तिथे चित्र पालटत आहे, पण सगळीकडे नाही.

आकडे जुने आहेत हेही विसरू नये. २०११ च्या जनगणनेत सातारा शहर १ लाख २० हजारांचे, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका ५ लाख २ हजारांची. सातारा जिल्ह्यात शहरी लोक फक्त १९ टक्के, सांगलीत २५ टक्के. २०२१ ची जनगणना झाली नाही, ती २०२७ साठी जाहीर झाली. दरम्यान २०२० मध्ये साताऱ्याची हद्दवाढ होऊन शाहूपुरीसारखी उपनगरे आत आली. जुन्या आकड्यावर जो कोणी या शहराचा अंदाज बांधील, तो लहानच बांधील.

मग व्यापाऱ्याने काय धरावे? माझ्या मते आपल्या भागात गिऱ्हाईक किती कमावतो यापेक्षा त्याचा पैसा कुठून आणि केव्हा येतो हे अधिक कामाचे आहे. पगारदार, म्हणजे रयत शिक्षण संस्थेचे शिक्षक, मिरजेच्या दवाखान्यांतील कर्मचारी, औद्योगिक वसाहतीतील कामगार, हे महिन्याच्या पहिल्या दहा दिवसांत येतात. ऊसवाला बिल जमा झाल्यावर येतो. कायद्याने तोडणीनंतर १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, पण कारखान्याने हप्ता लांबवला की आपली उधारीही तितकीच लांबते. हळद आणि बेदाण्याचा पैसा उन्हाळ्याच्या तोंडाला. आणि एक चौथा वर्ग आहे, जो कोणत्याच पाहणीत आपल्या गावचा म्हणून दिसत नाही. खानापूर-आटपाडीचे गलाई बांधव देशभर सोने-चांदी गाळतात, साताऱ्याचे माथाडी मुंबईत ओझी वाहतात. ते मोजले जातात तिकडे, खरेदी मात्र यात्रेला, दिवाळीला, मे महिन्याच्या लग्नसराईला विट्यात, आटपाडीत, पाटणला होते. १९८२ च्या गिरणी संपात मुंबईची कमाई थांबली तेव्हा त्याची झळ साताऱ्याच्या गावागावाला लागली होती.

आणखी एक धडा. जर्मन संख्याशास्त्रज्ञ एंगेल याने १८५७ मध्ये दाखवले की उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो. देशातील शहरी घरांत हा वाटा २०११-१२ मध्ये ४२.६ टक्के होता, २०२२-२३ मध्ये ३९.२ वर आला. आपल्या कापडवाल्यांना वाटते, वाचलेले पैसे आता आपल्याकडे येणार. येत नाहीत. बिगरखाद्य खर्चात सर्वांत मोठा वाटा प्रवासाचा आणि वाहनाचा आहे. त्याच दुचाकी-चारचाकीत बसून सातारकर पुण्याला जातो व तयार कपडे घेऊन येतो. शर्टपीस आणि अस्तर विकणाऱ्याने, तसेच शिलाईवर जगणाऱ्या कारागिराने हे ओळखून दुरुस्ती, शालेय गणवेश, मापाची शिलाई याकडे आधीच वळले पाहिजे.

जानेवारी २०२५ पासून केंद्राच्या पाहण्यांत जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक झाला आहे, हे चांगले झाले. तालुका अजून दूर आहे. तोवर आपल्या वहीत गिऱ्हाइकाच्या नावापुढे एक अक्षर लिहायला काय हरकत आहे? प म्हणजे पगार, ऊ म्हणजे ऊस, ह म्हणजे हळद-बेदाणा, ग म्हणजे गलाई-मुंबई, आणि स म्हणजे स्वतःचा धंदा. दोन हंगामांत कोणत्या अक्षराची उधारी किती दिवसांनी वसूल होते ते दिसेल. पंचवीस-तीस दुकानदारांनी असे केले, तर व्यापारी संघटनेला जिल्हाधिकाऱ्यांपुढे किंवा बँकेपुढे ठेवायला जतचा आणि माणचा वेगळा आकडा हाती येईल.