आतली डिस्क कामाला, बाहेरची सांभाळायला

कुडाळ,
कोजागिरी पौर्णिमा

चि. बाय हिस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप पोचला. लॅपटॉपमधली १ टीबीची डिस्क भरत आली आहे, कार्तिकात जत्रा सुरू होतील, तेव्हा आत मोठी डिस्क बसवून घेऊ की बाहेरून जोडायची विकत घेऊ, असं तू विचारलंस. दुकानात गिऱ्हाईक हेच विचारतं तेव्हा मी दोन वाक्यांत मोकळा होतो. पण तू त्या डिस्कवर काय ठेवणार आहेस हे मला ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तू दशावतार चित्रित करतेस. या नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं, कुणी कुठली भूमिका घ्यायची ते ठरतं, आणि बाकीचं सगळं पायपेटी-मृदंगाच्या साथीनं रंगमंचावर उभं राहूनच सुचतं. त्याच कंपनीनं तेच आख्यान दुसऱ्या गावच्या जत्रेत केलं तरी तो खेळ निराळा असतो. लग्नाचा अल्बम गेला तर पाहुण्यांच्या मोबाईलवरून चार फोटो तरी गोळा करता येतात. पहाटे दहीकाला होऊन खेळ संपल्यावर मात्र त्या रात्रीचे संवाद तुझ्या कॅमेऱ्यातल्या कार्डाशिवाय कुठेच उरलेले नसतात. आपल्या देशातला पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली मुंबईत लागला, गर्दीनं चालला, आणि आज त्याची एकही प्रत सापडत नाही. एवढा गाजलेला बोलपट नाहीसा होतो, तर मंडपातल्या एका रात्रीचं काय?

आता हिशोब करू. तुझा कॅमेरा ४के चित्रण १०० मेगाबिटनं करतो, म्हणजे तासाला ४५ जीबी. पाच तासांचा खेळ झाला की २२५ जीबी. १ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबी दिसते. मोकळ्या डिस्कवरही चार खेळ मावले की जागा संपली. एवढा ऐवज लॅपटॉपच्या पोटात वर्षानुवर्षं ठेवायचा, ही कल्पनाच सोडून दे. घरात रोजचे तांदूळ डब्यात आणि वर्षाचं भात कणगीत असतं, तसंच हे. आतली डिस्क रोजच्या कामाची, बाहेरची साठवणीची.

आधी आतलं. गेल्या वर्षी रॅम टाकायला तुझा लॅपटॉप मी उघडला होता. त्यात अडीच इंची फिरती डिस्क आहे, आणि तिच्या बाजूला एसएसडीची, म्हणजे न फिरणाऱ्या वेगवान डिस्कची, एम.२ एनव्हीएमई जागा रिकामी आहे. फिरती डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वाचते. म्हणून तुझं एडिटिंग अडखळतं आणि विंडोज उघडेपर्यंत चहा होतो. साध्यातली साधी एनव्हीएमई एसएसडीसुद्धा त्याच्या कितीतरी पट वेगानं चालते. ती बसवायची, विंडोज तिच्यावर न्यायचं, आणि ज्या खेळावर काम चालू आहे तेवढाच तिच्यावर ठेवायचा. त्यासाठी ५१२ जीबी पुरतात. १ टीबीचा मोह धरू नकोस. तिथे वाचलेले पैसे मला बाहेरच्या डिस्कसाठी हवे आहेत. बसवायचं काम मी करीन, पण त्याआधी तुझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाची रिकव्हरी की वहीत लिहून ठेव. डिस्क बदलताना ती मागितली गेली आणि हाताशी नसली, तर सगळा माल कुलपात राहतो.

तुझ्या मैत्रिणी विचारतील म्हणून सांगतो. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडून डिस्कवर क्लिक केलं की आत एसएसडी आहे की एचडीडी, म्हणजे फिरती डिस्क, ते कळतं. एसएसडी आधीच असेल तर आतल्या बाजूला पैसे घालू नयेत, सगळे बाहेरच्या डिस्कवर खर्चावेत. अगदी पातळ लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच जोडलेली असते, तिथे बदलायची सोयच नसते. एम.२ जागेतही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असतात. कुठला चालतो ते मॉडेलच्या माहितीपुस्तकात बघूनच खरेदी करावी.

आता बाहेरचं. साठवणीसाठी मी तुला फिरती डिस्कच घ्यायला सांगेन, पोर्टेबल, ४ टीबीची. हंगामात पंधरा खेळ केलेस तरी मावतील. एसएसडी धक्क्याला टिकते आणि वेगवान असते हे खरं, पण त्याच पैशांत जागा फार कमी मिळते. शिवाय वीज न देता वर्षानुवर्षं पडून राहिली तर तिच्यातला विद्युतभार हळूहळू ओसरतो. एसएसडी बहुधा काही न सांगता बंद पडते. फिरती डिस्क बऱ्याचदा आधी कुरकुरते, टकटक आवाज करते, आणि तेवढ्यात माल काढून घेता येतो. टेबलावर ठेवायच्या मोठ्या साडेतीन इंची डिस्कला वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो. आपल्याकडे कॉपी चालू असताना लाईट गेली की ती तिथेच मान टाकते. पोर्टेबलला लॅपटॉपच्याच बॅटरीची वीज मिळते. ती यूएसबी ३ च्या पोर्टला लाव. २२५ जीबी तिथून पाऊण तासात उतरतात. यूएसबी २ ला पावणेदोन तास जातील.

ऑनलाइन ‘१६ टीबी एसएसडी’ दोन हजारांत दिसली तर फसू नकोस. अशा खोक्यांत बहुधा लहानसं मेमरी कार्ड असतं आणि आकडा खोटा दाखवलेला असतो. कॉपी पूर्ण झाल्यासारखी दिसते, फाइल मात्र उघडत नाही. पक्कं बिल आणि वॉरंटी असलेलीच घे. पण वॉरंटीत कंपनी नवीन डिस्क देते, आतलं नाटक देत नाही, हेही लक्षात ठेव.

आपल्या किनाऱ्याचं एक वेगळं दुखणं आहे. तुझं घर देवबागला, एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्लीची खाडी. कधी एखादी जुनी फिरती डिस्क केसिंगमधून काढून बघ. बऱ्याच डिस्कच्या झाकणावर टाचणीच्या डोक्याएवढं भोक असतं आणि शेजारी लिहिलेलं असतं की हे झाकू नका. त्यातून आतबाहेरच्या हवेचा दाब सारखा राहतो. आत गाळणी असते, ती धूळ अडवते, पण दमट हवा पूर्णपणे अडवत नाही. आणि आतलं वाचणारं टोक फिरत्या तबकडीपासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. किनाऱ्यावरून दुकानात येणाऱ्या डिस्कची यूएसबीची टोकंही हिरवट पडलेली असतात. म्हणून डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेव. रंग बदलणारे मणी असलेल्या पुड्या घे, आणि रंग बदलला की त्या बदल. पावसाळ्यात महिन्यातून एकदा डिस्क जोडून थोडा वेळ चालू ठेव. आणि परतीच्या पावसात गडगडायला लागलं की चार्जर आधी भिंतीतून काढ, मग वाळत घातलेले कपडे काढायला धाव.

बाहेरच्या डिस्क दोन घे, हे माझं मुख्य सांगणं. १६ मे २०२१ ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेलं तेव्हा कौलं उडाली, माड घरांवर पडले, आणि वीज यायला कित्येक दिवस लागले. त्यानंतर दुकानात माणसं लॅपटॉप आणि बाहेरची डिस्क दोन्ही एकाच पिशवीतून घेऊन आली. दोन्ही एकाच कपाटात होती, एकाच पाण्यात भिजली. त्यांच्याकडे प्रती दोन होत्या, पण छप्पर एकच होतं. तुझी एक डिस्क देवबागला राहू दे, दुसरी इथे कुडाळला माझ्या कपाटात. इथे खारा वाराही कमी लागतो. सगळं इंटरनेटवर चढवून मोकळी होईन म्हणशील, तर १० मेगाबिटच्या अपलोडला एका खेळाचे सलग ५० तास होतात. निवडक तुकडे जरूर चढव, सगळा भार त्यावर टाकू नकोस.

जत्रेच्या रात्रीचा नेम असा ठेव. कार्ड दोन ने. पहाटे घरी आलीस की झोपण्याआधी खेळ आतल्या डिस्कवर उतरव, मग बाहेरच्या डिस्कवर. सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा भाग बाहेरच्या डिस्कवरूनच उघडून बघ. मगच कार्ड पुस. डिस्क ओढून काढू नकोस, आधी इजेक्ट कर. एसएसडी बसवल्यावर लॅपटॉपमधून काढलेली जुनी फिरती डिस्क केसिंगमध्ये घालून देईन, ती जादा प्रतीला चालेल. तिच्यावर एकटीवर मात्र विसंबू नकोस.

पैसे एकदम जमणार नसतील तर क्रम असा: या महिन्यात बाहेरची पहिली डिस्क, पुढच्या महिन्यात दुसरी, आणि त्यानंतर आतली एसएसडी. लॅपटॉप अजून दोन महिने सावकाश चालला म्हणून काही बिघडत नाही. एकाच प्रतीवर ठेवलेला खेळ गेला, तर तो पुन्हा उभा करणारं कुणी नाही.

ताईला नमस्कार सांग. पहिली जत्रा झाली की त्याच आठवड्यात दुसरी प्रत घेऊन कुडाळला ये. त्यात कुचराई करू नकोस.

तुझा,
मामा