पाच लिटरचे क्यान आणि गाणगापूरची वाट

घर भालकीला, पण माझी चाल सुरू होते बिदरच्या झरणी नरसिंहापासून. तिथून हुमनाबाद, माणिकनगर, कमलापूर, कलबुर्गी आणि शेवटी भीमा-अमरजेच्या संगमावरचं गाणगापूर. दीडशे किलोमीटरच्या थोडं वर, वाटेत पाच मुक्काम. शहाणी माणसं दत्तजयंतीच्या थंडीत चालतात. मी शाळामास्तर, सुट्टी एप्रिल-मेमध्ये, म्हणून माझी वारी भर उन्हात. पहिल्यांदा निघालो ते 2016 साली. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तोच उन्हाळा. बायको म्हणाली, "लोकं पाण्यासाठी गाव सोडायलेत, अन् तुम्ही घरचा माठ सोडून कुठं निघालाव?" उत्तर नव्हतं. निघालो. त्यानंतर बऱ्याच वेळा निघालो. त्यातून जे पदरात पडलं ते असं.

1. आधी पायाखालची जमीन ओळखावी.

झरणीच्या गुहेत छातीइतक्या पाण्यातून देवापर्यंत जावं लागतं. नानक झिऱ्यावर गुरुद्वारात गोड पाण्याचा झरा आहे. पापनाशलाही पाणी आहे. तिन्ही ठिकाणच्या कथा वेगळ्या, खडक मात्र एकच. बिदरचं पठार म्हणजे काळ्या कातळावर घातलेली जांभ्याची जाड टोपी. जांभा सच्छिद्र, पावसाचं पाणी पोटात घेतो. खाली चिकणमाती आणि कातळ लागला की ते पाणी अडतं आणि आडवं सरकत कड्याच्या पायथ्याशी बाहेर पडतं. म्हणून तांबड्या जमिनीवर असाल तर वर शोधत हिंडू नये, कडेला जाऊन खाली बघावं. काळ्या रानात याच्या उलट: तिथं पाणी असलंच तर ओढ्याच्या वळणावर, शिंदीच्या झाडांजवळ, वाळूखाली हातभर.

बहामनी काळातल्या लोकांना हे पक्कं कळलेलं होतं. नौबादकडची सुरंग बावी बघा. जमिनीखालून बोगदा आणि वर ओळीनं हवेसाठी काढलेली विहिरीसारखी तोंडं. इराणी तऱ्हेची ही करेझ पंधराव्या शतकातली. पाणी अंधारात ठेवावं, उन्हाला दाखवू नये, एवढी एकच गोष्ट तिच्याकडून शिकलो असतो तर पुढची फजिती टळली असती.

2. एक लिटर म्हणजे एक किलो.

बेचाळीस अंशांत चालताना मला तासाला पाऊण लिटर लागतं. सकाळ-संध्याकाळ मिळून सात-आठ तास चाल, वर स्वयंपाक, हातपाय धुणं. हे सगळं पाठीवर घ्यायचं म्हटलं तर देवाकडे नाही, हमालीला निघाल्यासारखं होतं. मी तीन लिटरवर घेत नाही. बाकीचं वाटेत मिळवायचं किंवा आधी ठेवून यायचं. पहाटे तीनला निघालो की दहापर्यंत दिवसाची बरीचशी चाल होते, तेवढीच तहान वाचते.

3. क्यान पेरताना लाजू नये.

हुमनाबाद ते कमलापूर हा तुकडा मला सगळ्यात जड. म्हणून दुसऱ्या वर्षी निघण्याच्या आठ दिवस आधी मोटारसायकलवर पाच लिटरचे सहा क्यान बांधले आणि दर चार-पाच किलोमीटरवर एक असे लपवत गेलो. चोराच्या हुशारीनं. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून.

त्यातले दोन कामाला आले.

एक बाभळीखाली ठेवला होता. सकाळी तिथं सावली होती, दुपारी नव्हती. आठ दिवस उकळून निघालेल्या पाण्याला प्लास्टिकची अशी चव आली होती की चूळ भरली आणि थुंकलो. दुसरा तेलाचा जुना क्यान, नुसता विसळलेला. त्यातलं पाणी खवट. त्या क्यानात गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून रात्रभर ठेवायला हवं होतं. तिसरा रस्त्याखालच्या मोरीत ठेवला. मोठ्या खुशीत होतो: गार, अंधारी जागा, अगदी करेझ! चालायच्या आदल्या रात्री वळीव कोसळला आणि मोरीतून क्यान कुठे गेला ते त्या ओढ्यालाच ठाऊक. पाण्यासाठी ठेवलेलं पाणी पाण्यानंच नेलं.

चौथ्यानं मात्र खरं शिकवलं. बांधाच्या झुडपात ठेवलेला क्यान रिकामा होऊन उलटा पडलेला. जवळच शेळ्या राखणारा एक म्हातारा बसला होता. मला आधी रागच आला. विचारलं, तर म्हणाला, "मीच सांडलो. औषध वाटलं. शेरडं तोंड घालतील म्हणून." रानात चिठ्ठी नसलेला क्यान म्हणजे फवारणीचं औषध, हे पोराबाळांनाही कळतं. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्यानं आपल्या बाटलीतलं निम्मं पाणी मला दिलं आणि मी मास्तर असून मान खाली घालून प्यालो.

तेव्हापासून क्यानवर मराठी, कन्नड आणि उर्दू, तिन्ही लिप्यांत मोठं लिहितो: पिण्याचं पाणी. तारीख घालतो. आणि लपवत नाही. रस्त्याकडेचं घर, चहाची टपरी, पंक्चरवाला, कुणाच्या तरी ओट्यावर सांगून ठेवतो. कुणी त्यातलं प्यालं तर प्यालं. मागं सांगून ठेवलेले क्यान पूर्ण भरलेले सापडले नाहीत असं दोनदा झालं, पण दोन्ही वेळा त्यांच्या घरचं पाणी मिळालं.

4. विहीर दिसण्यापेक्षा लाईट कधी येते ते विचारावं.

आमच्याकडे लाईट म्हणजे वीज. आता आड-बारवा क्वचित वापरात. पाणी बोअरचं, आणि बोअर थ्री-फेज लाईटवर. मोटार समोर दिसते, पाईप दिसतो, पण लाईट नसेल तर तो नुसता लोखंडाचा तुकडा. एका बोअरपाशी मी दोन तास बसून राहिलो. शेवटी एका पोरानं सांगितलं, "सर, या हप्त्यात पाळी रातची हाय." हे आधीच्या गावात एका वाक्यात कळलं असतं.

ठिबकची नळी दिसली तरी तोंडाला लावू नये. त्यातून खत सोडतात.

5. खिशात पाच रुपयांची नाणी ठेवावीत.

कर्नाटक सरकारनं गावोगावी शुद्ध पाण्याची यंत्रं बसवली आहेत. नाणं टाकलं की वीस लिटरची धार सुटते आणि वीस लिटर संपेपर्यंत थांबत नाही. माझ्या हातात एक लिटरची बाटली. धार बाटलीवरून, चपलांवरून, गटाराकडे. रांगेतल्या बायका माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होत्या ती अजून आठवते. आता आधी कुणाची घागर लावतो, तीत पाणी घेतो, माझी बाटली भरून बाकीचं तिला सोडतो. नाणं माझं, घागर तिची. यंत्र बंद असण्याची तयारीही मनात ठेवावी.

6. दिसतं ते पिण्याचं असतंच असं नाही.

कुरीकोट्याच्या पुलावरून बेण्णेतोरे नदीचं पसरलेलं पाणी दिसतं तेव्हा सकाळपासूनचा थकवा जातो. मीही उतरलो. काठाची माती वरून भेगाळलेली, आतून लोणी. डावा पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि चप्पल तिथंच राहिली. एवढं करून भरलेलं पाणी हिरवट. पंचा चौपदरी करून गाळलं, तुरटी फिरवली, निवळल्यावर क्लोरीनची गोळी टाकली, अर्धा तास थांबलो. पोट बिघडलं नाही. पण जवळच महागाव क्रॉसला हॉटेलात चहा मिळत होता, तोही नळाच्या पाण्यासह. घाई नडली.

7. नुसतं पाणी ढोसू नये.

किन्नी सडकेच्या अलीकडे तहानेनं वेडा होऊन दोन तासांत चार लिटर प्यालो. डोकं गरगरलं, उलटी झाली. घामातून मीठही जातं, आणि मी भरत होतो फक्त पाणी. आता लिंबू, मीठ, साखर यांची पुडी गळ्यातल्या पिशवीत. वडिलांच्या बैलगाडीला जाड कापडाची छागळ टांगलेली असायची. झिरपून झिरपून आतलं पाणी गार राहायचं. ती आता मिळत नाही. बाटलीला ओला सुती मोजा चढवतो. दिसतं हास्यास्पद, चालतं उत्तम.

8. दोन्ही भाषांत तहान लागावी.

हुमनाबादच्या पुढं मराठी विरळ होत जाते. "कुडियो नीर अदावेन्री?" एवढं आलं तरी पुरतं. पाणपोईला तिकडे अरवट्टिगे म्हणतात. उन्हाळ्यात बसथांब्यापाशी ओल्या फडक्यात गुंडाळलेले माठ दिसले की तीच. मचूळ पाण्याला आम्ही सवळ म्हणतो, तेही सवळुच म्हणतात. कमलापूरची तांबडी केळी प्रसिद्ध आहेत, भौगोलिक मानांकनही मिळालंय. रस्त्यावरून खाली केळीची बाग दिसली की तिकडे वळावं. केळ आहे म्हणजे पाणी आहे, आणि पाणी सोडायला माणूस आहे.

गाणगापुरात दुपारी माधुकरी मागायची रीत आहे. पहिल्या वर्षी माझी जीभ रेटेना. आता सोपं जातं. पाच दिवस वाटेत पाणी मागतच आलेला असतो माणूस.

9. रिकामे क्यान परत आणावेत.

दर वेळी परतल्यावर मोटारसायकलवरून तोच रस्ता पुन्हा करतो आणि क्यान गोळा करतो. गेल्या खेपेला सहातले पाचच मिळाले. सहावा किन्नी सडकेजवळच्या एका घरी ठेवला होता. घरची बाई ओशाळून म्हणाली, क्यान आहे, पण आता तुमच्या कामाचा नाही. अंगणात बघितलं. तो आडवा कापून अर्धा जमिनीत रोवला होता. वरचं "पिण्याचं पाणी" हे मराठीतलं अक्षर तेवढं शाबूत राहिलं होतं, आणि चार कोंबड्या त्यातून पीत होत्या.