नवे स्केट्स : माप कसे पारखावे?

प्रश्न : माझा १० वर्षांचा मुलगा यंदा आइस हॉकी खेळू लागला आहे. पाय वाढता असल्याने बुटाहून दोन नंबर मोठे स्केट्स घेऊन जाड मोजे घालावेत, असे वाटते. योग्य ठरेल का?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : आपली काटकसर समजण्याजोगी आहे, परंतु स्केट्सचे माप नेहमीच्या बुटाहून बहुधा एक ते दीड नंबरने लहानच असते, आणि सैल स्केटमध्ये टाच उचलली गेली की घोट्याचा आधार नाहीसा होऊन मूल बर्फावर डगमगते. दुकानात पातळ मोजा घालून, टाच मागे नीट बसवून व नाड्या आवळून त्याला उभे करावे : बोटे पुढच्या टोकाला जेमतेम स्पर्शावीत आणि गुडघे वाकवताच किंचित मागे सरावीत. मग नाड्या सोडून पाय पुढे सारल्यावर टाचेमागे आपले एक बोट मावले, तर वाढत्या पायासाठी तेवढी सवलत पुष्कळ झाली. दोन मावल्यास तो जोड बेलाशक नामंजूर करावा.

दुकानदाराने उष्णता देऊन बूट पायाच्या आकारास बसवला, तर पुढील २४ तास तो घालू नये. नव्या पात्यांना धारही लावून घ्यावी. खर्चाची धास्ती असल्यास वापरलेला जोड, घोट्यापाशी अद्याप ताठ असेल तर, निःशंक घ्यावा.