थरथरणारा हात : एक लक्षण, अनेक कारणे

“माणसाचा हात का थरथरतो?” हा प्रश्न मी शरीरक्रियाशास्त्राच्या तासाला दरवर्षी विचारतो. ‘अशक्तपणा’, ‘म्हातारपण’ आणि ‘दारू’ ही तीन उत्तरे ठरलेली असतात. तिन्हींत थोडे तथ्य आहे. पण विचार तेथेच थांबला, तर बरा होण्याजोगा रोगीही उपचारावाचून राहतो. म्हणून येथे दोन रोगांची तुलना करू. एक ग्रंथीचा, दुसरा मेंदूचा.

पहिला रोग म्हणजे थायरॉइड ग्रंथीचा अतिस्राव. डब्लिनचे डॉ. रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली छातीची धडधड आणि गळ्यातील वाढलेली ग्रंथी यांचा संबंध दाखवून दिला. या ग्रंथीचा स्राव वाढला की शरीराची सगळीच कामे वेगाने चालतात. रोग्याला हात पुढे ताठ धरून बोटे फाकवायला सांगावे आणि वर एक कागद ठेवावा. बारीक, जलद कंप कागदाच्या थरथरीत दिसतो. भूक चांगली असून वजन घटते, उकाडा सोसत नाही, झोपेतही नाडी जलद चालते. घाबरलेल्या माणसाचेही तळहात ओले असतात. पण ते बहुधा गार, तर या रोग्याचे गरम लागतात.

दुसरा रोग कंपवात. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली त्यावर निबंध लिहिला. त्यातील काही रोगी तर त्यांनी रस्त्यावरच पाहिलेले होते! या रोगात मध्यमेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी झिजतात. हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो. अंगठा व बोट जपमाळ ओढल्यासारखी हलतात, सेकंदाला सुमारे ४ ते ६ वेळा. पेला घ्यायला हात पुढे केला की कंप बहुधा कमी होतो. सुरुवात एका बाजूने होते. मात्र केवळ कंपावरून निदान होत नाही. हालचालीतला मंदपणा हवाच. अक्षर बारीक होत जाते, चालताना एक हात झुलत नाही, सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो. काही रोग्यांत तर कंप नसतोच.

याउलट, चहाचा कप तोंडाशी नेतानाच दोन्ही हात थरथरत असतील आणि घरात आणखी कोणाला तसे होत असेल, तर तो बहुधा निराळाच, आनुवंशिक कंप असतो. दम्यावरील साल्ब्युटामॉलसारख्या औषधानेही हात थरथरतो. म्हणून चालू औषधे विचारावीतच.

थायरॉइडचा संशय रक्ततपासणीने पडताळता येतो : टीएसएच उतरलेले आणि टी-४ चढलेले आढळते. कंपवाताला मात्र अशी नेहमीची रक्ततपासणी नाही. तेथे डॉक्टरांचे निरीक्षण हेच मुख्य साधन. लक्षणे नेहमी पुस्तकाप्रमाणे येतात असेही नाही. वृद्धांत थायरॉइडचा अतिस्राव कधी केवळ घटते वजन, मरगळ आणि अनियमित नाडी एवढ्यावरच ओळखावा लागतो.

विद्यार्थिमित्रहो, निदान करणे हे आपले काम नव्हे. पण घरातल्या आजोबांचा किंवा मावशीचा हात प्रथम आपल्याच दृष्टीस पडतो. ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता कोणता हात, केव्हापासून आणि स्वस्थ बसताना की काम करताना, एवढे टिपून डॉक्टरांना सांगा. अर्धे निदान त्यातच असते.