उदरभित्तीच्या शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

प्रतिवर्षी अहवालात ताळेबंदासोबत एक आरोग्यविषयक लेख देण्याची आपल्या संस्थेची प्रथा आहे. यंदा ते काम प्रस्तुत लेखकाकडे आले. लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने शस्त्रक्रियेविषयी त्याने काय लिहावे, अशी शंका वाचकांस येणे स्वाभाविक आहे. तथापि शस्त्रक्रिया दोन-चार तासांत आटोपते; त्यानंतरचे रजेचे अर्ज, बिले, पुन्हा दाखल होणे आणि नातेवाइकांच्या तक्रारी हे सर्व प्रशासकाच्याच टेबलावर येते. लेखातील वैद्यकीय भाग आमच्या शल्यचिकित्सकांनी तपासून दिला आहे.

ज्या शस्त्रक्रियेस बोलीत ‘टमी टक’ म्हणतात, तिच्या नावातील लाडिकपणामुळे ती किरकोळ असावी असा समज होतो. प्रत्यक्षात ओटीपोटावर एका कमरेपासून दुसऱ्या कमरेपर्यंत आडवा छेद घेतात. त्वचा व चरबीचा थर बरगड्यांपर्यंत सोडवून वर उचलतात, मध्यरेषेत दूर गेलेले पोटाचे स्नायू टाक्यांनी जवळ आणतात, जादा त्वचा काढून टाकतात आणि बेंबीसाठी नव्या जागी छिद्र करतात. अमेरिकेतील हॉवर्ड केली या शल्यचिकित्सकांनी १८९९ मध्ये अशा शस्त्रक्रियेची नोंद केली होती. म्हणजे ही काही कालपरवाची फॅशन नव्हे. धर्मादाय रुग्णालयात हिचे काय काम, असा प्रश्न एका विश्वस्तांनी एकदा विचारला होता. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक स्त्रियांना अनेक बाळंतपणांनंतर किंवा सिझेरियननंतर हर्निया झालेला असतो, अथवा लोंबत्या त्वचेच्या घडीत वारंवार चिघळत असते. केवळ शोभेसाठी आलेल्या रुग्णास निधीतून सवलत देता येत नाही. मेडिक्लेममध्येही सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया बसत नाही. हर्निया असल्यास त्याची कागदपत्रे आधीच पाठवून मंजुरी घ्यावी, हे उत्तम.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णास सरळ झोपवत नाहीत. पाठीमागे उशा आणि गुडघ्यांखाली उशी देऊन कमरेत वाकलेल्या स्थितीत ठेवतात, जेणेकरून टाक्यांवर ताण येऊ नये. त्याच सायंकाळी किंवा दुसऱ्या सकाळी, वाकूनच का होईना, चार पावले चालवतात. येथेच नातेवाइकांशी पहिला खटका उडतो. “एवढे मोठे पोट फाडले, आणि लगेच उठवता?” हा प्रश्न मायेपोटीच येतो, परंतु पडून राहिल्यास पायाच्या खोल नीलांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, व ती फुप्फुसात गेल्यास जीवावर बेतते. हा धोका या शस्त्रक्रियेत दुर्लक्ष करण्याजोगा नाही. म्हणून अंथरुणावर असतानाही पावले वरखाली हलवावीत. एकाच पोटरीत दुखू लागल्यास अथवा सूज आल्यास तेल लावून चोळू नये. थेट रुग्णालयात यावे. अचानक धाप लागणे वा छातीत कळ येणे यासाठी तर सकाळची वाट पाहू नये.

त्वचेखाली झिरपणारा द्रव बाहेर काढण्यासाठी एक-दोन नळ्या ठेवलेल्या असतात. त्यांच्या टोकाशी असलेल्या फुग्यातील द्रव रोज मोजून लिहावा लागतो. हिशेबनीसास आवडावी अशी ही वही आहे: पहिल्या दिवशी तांबडा, मग फिकट गुलाबी, मग पिवळसर, आणि आकडा उतरता. २४ तासांत ३० मिलिलिटरपेक्षा कमी झाला की साधारणतः नळी काढतात. नोंद न ठेवल्यास नळी लवकर काढली जाते किंवा उगाच राहते, आणि उगाच राहिलेली नळी जंतुसंसर्गाची वाट होते.

उचललेली त्वचा खालच्या थरास पुन्हा चिकटावयास काही आठवडे लागतात. तोवर दोन थर एकमेकांवर घसरल्यास मधल्या पोकळीत पाणी साठते. काही वर्षांपूर्वी जवळच्या गावातील एक भगिनी उत्तम स्थितीत घरी गेली. बाराव्या दिवशी गावात टँकर आला आणि तिने दोन हंडे भरून घरात नेले. चौदाव्या दिवशी तिच्या पोटात पाणी हिंदकळत होते. सुईने चार वेळा काढावे लागले, व प्रत्येक खेपेस एसटीचे भाडे आणि पतीची मजुरी बुडाली. मी तिला काहीशा रागानेच विचारले, की घरी जाताना दिलेल्या कागदावर ‘अवजड वस्तू उचलू नयेत’ असे स्पष्ट लिहिले नव्हते काय? ती म्हणाली, “साहेब, हंडा कुठं अवजड असतो? लहानपणापासून आणतो आम्ही.” बारा लिटरच्या हंड्यात बारा किलो पाणी असते. पण चूक तिची नव्हती. तो मजकूर माझ्याच हातचा होता. आता त्या कागदावर हंडा, गॅस सिलिंडर, दळणाचा डबा आणि कडेवरचे मूल अशी नावे लिहिली आहेत, व तो वाचून दाखवताना पती किंवा सासूबाई समोर असाव्या लागतात. सहा आठवडे चार किलोंच्या वर काही उचलावयाचे नाही. बसून करावयाच्या कामावर दोन-तीन आठवड्यांत जाता येते. शेतावरच्या कामाचे तसे नाही.

मिश्रीविषयी वेगळे लिहिणे भाग आहे. सिगारेट ओढता का, असे विचारले की आमच्या भगिनी हसून नाही म्हणतात, आणि मिश्री तंबाखूत कोणी मोजत नाही. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात; ताणलेल्या त्वचेच्या कडेला रक्त पोहोचत नाही व ती काळी पडून झडू शकते. शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे आणि नंतर जखम पूर्ण भरेपर्यंत मिश्री, तंबाखू, बिडी सर्वच बंद ठेवावे लागते.

खोकला व बद्धकोष्ठता यांचा ताण टाक्यांवर येतो. वेदनाशामक औषधांनी पोट जड होतेच. पाणी, फळे व डॉक्टरांच्या सल्ल्याने इसबगोल घ्यावे. खोकताना उशी पोटाशी धरावी. सायंकाळी सूज वाढलेली दिसणे नेहमीचे आहे. ताप, वाढती लाली, दुर्गंधीयुक्त स्राव किंवा एका बाजूस अचानक फुगवटा मात्र नेहमीचा नव्हे.

छेदाच्या वरच्या बाजूचा भाग कित्येक महिने बधिर राहतो, म्हणून तेथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नये. चटका कळत नाही आणि त्वचा भाजते. व्रणाची लाली ओसरावयास बारा ते अठरा महिने लागतात. जखम भरून आल्यावरही त्या जागेचे बळ मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपर्यंतच पोहोचते.

पोटाचा पट्टा साधारण सहा आठवडे, रात्रंदिवस बांधावा लागतो. एकच पट्टा असल्यास तो धुऊन वाळेपर्यंत रुग्ण पट्ट्याविना राहतो, आणि पावसाळ्यात तो दोन-दोन दिवस वाळत नाही. म्हणून निर्धन रुग्णांना निधीतून दुसरा पट्टा देण्यात येतो. तो घरी जाण्याच्या दिवशी औषध विभागातून सही करून घ्यावा.